आधी तो चौदावा दिवस विसर

प्रश्न : डॉक्टरताई, मी ३० वर्षांची आहे, भांडुपला राहते, नोकरी फोर्टात. लग्नाला तीन वर्षं झाली, दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी कधी ४५ दिवसांनी येते, कधी ६०. तपासण्यांत पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) निघालं. उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो. मोबाइलवरचं ॲप सांगतं तसं १४व्या दिवसाच्या आसपास आम्ही जवळ येतो. २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) तपासलं, ते अगदीच कमी आलं. ‘ओव्हरीत गाठी आहेत, सरळ आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, करा,’ असं एका ठिकाणी सांगितलं. हनुवटीवरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. यजमानांची अजून काहीच तपासणी झालेली नाही. सासूबाई दर महिन्याला विचारतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर : पहिलं काम त्या केसांच्या गोळीचं. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोनचं काम अडवतं आणि गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या वाढीला त्यातून धोका संभवतो. बाळासाठी प्रयत्न चालू असताना ही गोळी घ्यायची नसते. त्वचेच्या डॉक्टरांना आजच फोन कर, बाळासाठी प्रयत्न करतेयस हे स्पष्ट सांग आणि गोळी बंद कर. केसांसाठी थ्रेडिंग, लेझर असे मार्ग आहेत.

आता त्या ‘गाठी’. या शब्दाने मुली किती घाबरतात ते मी रोज बघते. सोनोग्राफीत काळे ठिपके दिसतात ती फॉलिकल्स, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या. त्या वाढायला लागतात आणि मध्येच थांबतात, एकही पूर्ण पिकून फुटत नाही. तुझ्याकडे बीजांचा तुटवडा नाही. ती वेळेवर बाहेर पडत नाहीत, एवढंच अडलंय, आणि ते बऱ्याचदा गोळ्यांनी सुटतं.

बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं, मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी नव्हे. २८ दिवसांच्या पाळीत दोन्ही हिशेब एकाच दिवशी येतात, म्हणून ॲपचं फावतं. तुझी पाळी ४५ दिवसांची असेल तर बीज सुटलंच तर ३१व्या दिवसाच्या सुमारास, ६० दिवसांची असेल तर ४६व्या. म्हणजे दीड वर्ष तुम्ही चुकीच्या आठवड्यात प्रयत्न करत होतात, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. त्या प्रोजेस्टेरॉनचंही तेच. ते पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी बघायचं असतं. तुझ्या २१व्या दिवशी ते कमीच असणार, त्या कागदावरून काहीही ठरत नाही. लघवीत तपासायच्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांवरही फार पैसे घालवू नकोस. त्या एलएच हे हार्मोन मोजतात, आणि पीसीओएसमध्ये ते मुळातच वाढलेलं असू शकतं, पट्टी फसवते. दोन-तीन दिवसांआड जवळ येत राहा. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात.

यजमानांचा रिपोर्ट तुझ्या पुढच्या कुठल्याही उपचाराआधी हवा. हे मी कळकळीने लिहिते आहे. माझ्या ओपीडीत बायका जाड फाइल घेऊन एकट्या येतात. रक्ताचे रिपोर्ट, चार सोनोग्राफ्या, कुणीकुणी तर नळ्यांचा एक्स-रेसुद्धा करून आलेली असते, आणि नवऱ्याचं विचारलं की ‘त्यांना सुट्टी मिळत नाही’. वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम आणि एका सकाळचा वेळ लागतो, सुई नाही की भूल नाही. तिथे दोष निघाला तर तुझ्या गोळ्यांचा मार्गच बदलतो. तुझ्या बाजूने टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) आणि ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी हवी. दोघांपैकी एकाची थॅलेसेमियासाठीची (आईवडिलांकडून बाळाला येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठीची) तपासणीही आताच करून घ्या. आणि फॉलिक ॲसिड आजपासून रोज. किती मिलिग्रॅमचं, ते डॉक्टरांना वजन सांगून ठरव.

वजनाबद्दल कुणी तुला ‘वीस किलो कमी करून या’ म्हटलं असेल तर ते सोडून दे. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी कित्येकींची पाळी रुळावर येते. तुझे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. त्यासाठी उपाशी राहायचं नाही. भांडुप ते सीएसएमटी करणाऱ्या मुलींचा दिवस मला ठाऊक आहे: सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी थंड डबा, संध्याकाळी गाडी पकडण्याआधी वडापाव आणि रात्री दहाला पोटभर भात. भूक सगळी रात्रीवर ढकललेली. सकाळी घरातून निघताना अंडं किंवा मुगाचं धिरडं खा, डब्यात उसळ आणि भाकरी असू दे, पाच वाजता मूठभर चणे-शेंगदाणे. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नकोस. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं नेमाने कर. अमुकच डाएट पीसीओएसवर रामबाण, असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे महागडी पॅकेजं घेऊ नकोस. साडेतीन किलो उतरेपर्यंत उपचार थांबवायची मात्र गरज नाही, दोन्ही बरोबरीने चालू दे.

बीज सुटण्यासाठी पहिली पसंती आज लेट्रोझोलला आहे. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस गोळी आणि मग सोनोग्राफीवर फॉलिकल वाढतंय का ते बघणं. ही मुळात स्तनाच्या कर्करोगाची गोळी. परवाच एक मुलगी अख्खी पट्टी न फोडता परत घेऊन आली, केमिस्टने विचारलं होतं, ‘घरात कुणाला कॅन्सर आहे?’ शंका रास्तच. वंध्यत्वासाठी या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, २०१७ मध्ये ती उठली. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीच्या पाच चक्रांपर्यंतच्या उपचारात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, बीज सुटण्यासाठीचीच जुनी गोळी क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के. पहिल्याच महिन्यात दिवस राहिले नाहीत म्हणून डॉक्टर बदलू नकोस. जुळ्यांची शक्यता थोडी वाढते, म्हणून मैत्रिणीची पट्टी घेऊन घरच्या घरी हा प्रयोग नको. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी जोडायची का, ते तुझी साखर बघून ठरेल.

आयव्हीएफ वाईट नाही, पण तुझी ती पहिली पायरी नव्हे. गोळ्या, मग इंजेक्शनं किंवा दुर्बिणीतून ओव्हरीवरचा छोटा उपचार, आणि त्यानंतर ते. नळ्या बंद असतील किंवा यजमानांच्या रिपोर्टमध्ये मोठा दोष असेल तर गोष्ट वेगळी. खर्चाचा प्रश्न असेल तर परळला केईएम किंवा वाडिया प्रसूतिगृहात दाखव. तिथेच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे, तिच्यात पीसीओएससाठी वेगळं क्लिनिक चालतं.

सासूबाईंशी बोलायचं काम यजमानांचं. ‘आई, आम्ही दोघं उपचार घेतोय, काही असलं तर मीच सांगेन,’ एवढं मुलाने म्हटलं तरी पुरतं. प्रश्न तुझ्याकडे येणं थांबायला हवं, कारण दर महिन्याला तो झेलत उपचार घेणं फार जड जातं.

शेवटचं, पाळी लांबली की ‘पाळी यायच्या गोळ्या’ घेण्याआधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करायची, प्रत्येक वेळी. टेस्ट निगेटिव्ह आणि तीन महिने पाळीच नाही, असं झालं तर डॉक्टरांकडे जा, गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं बरं नव्हे. पॉझिटिव्ह आली तर पहिल्याच भेटीत पीसीओएस असल्याचं सांग आणि साखर तपासून घे. ती तेव्हा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायची, पीसीओएस असलेल्यांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो.