पाठ टाचणात नसलेली मुलं

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, मी परभणीची. पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून) निवड झाली आणि जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत रुजू झाले. पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. जवळजवळ सगळ्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. मी गोष्ट सांगते, चित्रं दाखवते, ‘कळलं का?’ विचारते. सगळी माना डोलावतात, आणि वहीत काहीच उतरत नाही. डी.एल.एड.ला (शिक्षक पदविकेला) माझ्या सराव पाठांवर चांगले शेरे असायचे. इथे सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, जत तालुका

‘कळलं का?’ हा प्रश्न उद्यापासून बंद करा. सहा वर्षांचं मूल बाईंना ‘नाही’ म्हणत नाही, मग घरची भाषा कुठलीही असो. त्याऐवजी त्यांना काहीतरी करायला सांगा. लाल खडू आण, दोन चिंचोके दे, दाराजवळ उभा राहा. कोण ऐकून उठतं आणि कोण शेजाऱ्याकडे बघून उठतं, हे आठवडाभर पाहा. कुणाला किती मराठी समजतं याचा अंदाज कुठल्याही चाचणीशिवाय येईल, आणि शिकवायची सुरुवात कुठून करायची तेही त्यातूनच ठरेल.

दुसरं काम तुम्ही स्वतः शिकण्याचं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. बा म्हणजे ये, होगु म्हणजे जा, नीरु पाणी, ऊटा जेवण, साकु पुरे. ‘गोत्तिल्ला’ म्हणजे माहीत नाही. ज्या दिवशी एखादं मूल मान डोलावण्याऐवजी तुम्हाला ‘गोत्तिल्ला’ म्हणेल, त्या दिवशी तुमचं काम सुरू झालं असं समजा. शिकवायला माणसं शाळेतच आहेत. अंगणवाडीच्या ताई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, चौथीतल्या मुली. तुमचा उच्चार चुकला की मुलांना तो मोठ्यानं सुधारू द्या. बाईसुद्धा शिकतात, चुकतात आणि पुन्हा बोलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की त्यांचीही जीभ मोकळी होते.

आता गणिताचं सांगते, कारण मुलं सगळ्यांत जास्त तिथेच अडकतात आणि ते भाषेमुळे अडकलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस नंतर. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस आधी, पाच नंतर, जसं लिहितो तसंच. घरी इप्पत्तैदु ऐकणारं मूल ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहितं, त्याला संख्याज्ञान नाही म्हणून नव्हे, तर ते ऐकल्या क्रमानं लिहितंय म्हणून. (मराठी घरातल्या मुलांचाही हाच घोटाळा होतो. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! मला ती पद्धत पायरी म्हणून तेव्हाही पटली होती, आजही पटते.) तुमच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे करा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मुलांना आधी कन्नडमध्ये मोजू द्या, मग ‘वीस आणि पाच’ म्हणा, शेवटी ‘पंचवीस’. घाई करू नका.

तसंच लिंगाचं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. आपल्याकडे तो खडू, ती पाटी, ते पुस्तक. यामागे सांगता येईल असा नियम तुमच्याकडे तरी आहे का? म्हणून ‘ती पुस्तक’ म्हणणाऱ्या मुलाला थांबवू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या आणि उत्तर देताना तुम्ही ‘ते पुस्तक दे बरं’ असं म्हणा. कानावर पडत गेलं की बसतं.

मराठी शिकवायचीच आहे, भरपूर आणि नीट शिकवायची आहे. आई-वडिलांनी मराठी शाळा निवडली ती त्यासाठीच. शिक्षणहक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो, 2020 चं राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरची भाषा धरा म्हणतं. तुमच्या वर्गात याचा अर्थ एवढाच की नवी कल्पना आधी कन्नडमध्ये समजू दे आणि मग तिला मराठी नाव मिळू दे. कन्नड बोललं म्हणून उभं करणं, दंड करणं हे मात्र कुठल्याही कारणानं नको. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की मोठ्यांच्या मनात पुष्कळ जुनी दुखणी जागी होतात. ती पहिलीच्या वर्गात आणू नका, आणि बाहेरून कुणी आणू लागलं तर दार लावून घ्या.

प्रश्न : वाळवा तालुक्यात शिक्षण सेवक आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या तळावर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या. आठ-दहा मुलं शाळेत आणली, पण दाखले नाहीत. एक मुलगी नऊ वर्षांची, तिला अक्षरओळख नाही, आणि कडेवर धाकटा भाऊ. मुख्याध्यापक म्हणतात, ‘मार्चला जाणार ती, पटावर कशाला घेता?’ मुलं मागे भिंतीशी बसून असतात.
– एक शिक्षण सेवक

सर, पटावर घ्यायची, आणि कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम 14 वयाच्या पुराव्याबद्दल तेच म्हणतं. कलम 4 प्रमाणे त्या मुलीला वयानुरूप वर्गात बसण्याचा आणि मागे पडलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे तिला पहिलीत बसवायचं नाही. मुख्याध्यापकांशी वाद न घालता ही तीन कलमं कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. पुष्कळदा त्यांनाही वर उत्तर द्यायला काहीतरी हवं असतं. मूळ शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलंय का ते आई-वडिलांना विचारा. नसेल तर गावाचं आणि शाळेचं नाव विचारून तिथल्या गुरुजींना फोन करा. तिथे नाव घातलेलं असेल तर सरलमध्ये (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीत) मुलाची नोंद असते, ती शोधता येते.

भावाला कडेवर घेऊन येऊ द्या. पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीवर (झोपडीवर) तिच्याशिवाय त्याला बघणारं कुणी नसतं. भाऊ नको म्हणालात तर तीही येणार नाही. अंगणवाडी आवारातच असेल तर ताईंशी बोलून घ्या. नसेल तर कोपऱ्यात एक सतरंजी आणि चार डबे-झाकणं पुरतात. मूल रडेल, वर्ग थोडा विस्कटेल. विस्कटू दे.

आणि त्या मुलांना भिंतीपासून उठवा, आजच. साताऱ्यात ज्यांचं शालेय शिक्षण सुरू झालं त्या बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. बसायला वेगळं गोणपाट, आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी. 7 नोव्हेंबर हा त्यांचा साताऱ्यातला शाळाप्रवेशाचा दिवस, 1900 सालचा. आपण तो विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो, भाषणं करतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत टोळ्यांची मुलं येऊन मागे बसतात. गावातल्या मुलांमध्ये एकाआड एक बसवा. ‘कोयत्याची पोरं’ हा शब्द वर्गात, स्टाफरूममध्ये, फोनवर, कुठेच वापरू नका. त्यांना नावं आहेत.

शिकवायचं काय? त्यांना मोळ्या बांधता येतात, मोजता येतात, गाडी किती भरली ते सांगता येतं. तिथून दशक-शतकाकडे जा. फक्त एक काळजी घ्या : उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे), फिटलेले पैसे, राहिलेले पैसे हे उदाहरणात आणू नका. घरचं कर्ज फळ्यावर मांडलं गेलं तर ते मूल पुन्हा वर्गात मान वर करणार नाही. मार्चमध्ये जाताना प्रत्येकाबरोबर एक पान द्या : काय वाचता येतं, कुठवरची बेरीज येते, कशात रमतं. पुढच्या गुरुजींचे दोन महिने वाचतील.

प्रश्न : माझी नात सातारा शहरात तिसरीत आहे. वर्गातल्या एका मुलाला कमी ऐकू येतं. नव्या बाई त्याच्यासाठी सावकाश बोलतात, सगळं फळ्यावर लिहितात. बाकीच्या मुलांचं नुकसान होतं असं आम्हा पालकांना वाटतं. तक्रार करावी का?
– एक आजोबा

करू नका, आजोबा. मुलांकडे तोंड करून बोलणं, नवा शब्द फळ्यावर लिहिणं, सूचना दोनदा सांगणं यानं तुमच्या नातीचंही भलंच होतंय; तिची वही आणि मागच्या वर्षीची वही शेजारी ठेवून बघा. त्या मुलाचा त्या वर्गातला हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिलेला आहे. बाईंना भेटायला जरूर जा, पण गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक शाळेत येतात का, श्रवणयंत्राची सोय झाली का, हे विचारायला. पालकांनी हे विचारलं की शाळेचं बळ वाढतं.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या अध्यापक विद्यालयात मी शिकवतो. आमचे छात्राध्यापक (शिक्षक होण्यासाठी शिकणारी मुलं) शहरातल्या दोन-तीन चांगल्या शाळांत सराव पाठ घेतात. नेमणूक मिळाल्यावर ते सीमेवरच्या गावात, वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत जातात आणि गोंधळतात. ‘समावेशित शिक्षण’ हा भाग आम्ही अभ्यासक्रमाप्रमाणे पूर्ण शिकवतो. आणखी काय करावं?
– एक अध्यापकाचार्य

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वरची पहिली दोन पत्रं लिहिणारी शिक्षक मुलं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. माण तालुक्यातल्या शाळांवर आणि नंतर अध्यापक विद्यालयात माझं आयुष्य गेलं, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

आपण पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, शिकवतो. त्यात पूर्वज्ञान, हेतुकथन, विषय प्रवेश, फलक लेखन असे रकाने असतात. ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात छात्राध्यापक काय लिहितो? ‘विद्यार्थ्यांना बाजार माहीत आहे.’ कुठल्या विद्यार्थ्यांना? त्यानं कुणाला विचारलेलं नसतं. घरी बसून तो रकाना भरतो आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो. माझं पहिलं मागणं एवढंच आहे की हा रकाना मुलांना भेटल्याशिवाय भरू देऊ नका. आंतरवासितेच्या (शाळेत राहून करायच्या सरावाच्या) पहिल्या आठवड्यात एकही पाठ नको. प्रत्येकानं एका मुलाजवळ बसायचं, त्याच्याबरोबर खिचडी खायची, खेळायचं, त्याच्या घरच्यांनी बोलावलं तर वस्तीवर जायचं. मग लिहायचं : हे मूल घरी कोणत्या भाषेत बोलतं, सकाळी उठल्यापासून कोणती कामं करतं, काय उत्तम येतं, वर्गात कधी गप्प होतं. त्यानंतरचा पाठ त्या एका मुलाला समजेल असा काढायचा.

यात एक धोका आहे. ‘व्यक्ती अभ्यास’ म्हणून आपण पोरांच्या जाती, बापाचं दारूपाणी, घरातली भांडणं अशा माहितीनं फायली भरतो. ते थांबवा. आपल्याबद्दल कुणी असं लिहिलं तर आपल्याला चालेल का, हे छात्राध्यापकांना विचारा. लिहिलेलं पान त्या मुलाच्या आईला वाचून दाखवता आलं पाहिजे, ही कसोटी मी लावत असे.

शाळा निवडताना आपला जिल्हा नीट बघा, सांगलीइतकी विविधता शोधायला लांब जावं लागत नाही. जतची कन्नड घरं तर आहेतच. कुपवाडच्या एमआयडीसीत हिंदी बोलणाऱ्या कामगारांची मुलं आहेत. कैकाडी, वडार समाजाच्या वस्त्या आहेत. कैकाडी बोली तमिळच्या जवळची, वडारी तेलुगूच्या, हे किती छात्राध्यापकांना ठाऊक असतं? आणि विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाल्यांची मुलं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी ही कुटुंबं देशभर पसरलीत. तमिळनाडूत जन्मलेलं, तिथल्या शाळेत दोन-तीन वर्षं काढलेलं मूल एके दिवशी आजीकडे परत येतं. आडनाव इथलं, म्हणून शिक्षक त्याला अस्खलित मराठी येत असणार असं धरून चालतो. ते मूल ‘अ’पासून अडतं आणि सगळे म्हणतात, आळशी आहे. परक्या दिसणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जातं. हे मूल कुणाला दिसतच नाही.

छात्राध्यापकांचं आपापसात काय चाललंय, तेही बघा. कोण कुणाबरोबर डबा खातं, गटात कुणाला ‘नंतर सांगतो’ म्हणतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून जेवली. शिक्षक तयार करणारं विद्यालय त्यांनी 1935 मध्ये सुरू केलं. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. एका पंगतीत बसायची सवय आधी लागली होती. तुमच्याकडे वसतिगृह नसेल, पण गट तुम्ही पाडता, कामं तुम्ही वाटता. ते हजेरी क्रमांकानं किंवा त्यांच्या मर्जीनं पाडू नका, विचार करून पाडा. जातीबद्दल, धर्माबद्दल त्यांच्या घरी काय बोललं जातं ते वर्गात बोलायला जागा द्या. अवघड तास होईल. दाराशी प्राचार्य आले तरी तो पुरा करा.

जोडीला एक जुनं माणूस हवं. वाडीवरच्या शाळेत वीस वर्षं काढलेले, चार वर्ग एकट्यानं सांभाळणारे गुरुजी किंवा बाई प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना व्याख्यानाला बोलावू नका, ते अवघडतात. तुमची पाच-सहा मुलं त्यांच्या शाळेत नेऊन बसवा. पहिलीला पाटीवर काम देऊन तिसरीचं वाचन घेताना त्या बाईंचा एक डोळा कुठे असतो, हे पाहूनच शिकता येतं.

आणि वेळापत्रकाचं बघा. आंतरवासितेची एक फेरी तरी दिवाळीनंतर ठेवा, नोव्हेंबर-डिसेंबरात. गळीत हंगाम सुरू झालेला असतो, टोळ्या आलेल्या असतात, माण-खटावकडचे मेंढपाळ वाडे (मेंढ्या आणि बिऱ्हाड) घेऊन बाहेर पडलेले असतात. एका शाळेत पट अचानक वाढतो, दुसऱ्या शाळेत रिकामा होतो. जून-जुलैत पाहिलेल्या वर्गावरून हे समजत नाही. तारखा ठरवताना जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाशी ऑगस्टमध्येच बोलून घ्या, आणि शाळांच्या यादीत जत व वाळवा ही दोन नावं घाला. वरच्या पहिल्या दोन पत्रलेखकांना तुमची मुलं मदतीला मिळाली तर आनंदच होईल. पत्ते संपादकांकडे आहेत, त्यांची परवानगी घेऊन कळवता येतील.