बोली शेवटी, आधी 24 महिने

चि.,
अनेक आशीर्वाद.

चौघा मित्रांनी मिळून यर्लिंग (शर्यतीच्या घोड्याचं वर्षाचं शिंगरू) घ्यायचं, पाव हिस्सा तुझा, तर लिलावात बोली कुठवर न्यावी, असं विचारलंस. प्रश्नच चुकला. बोली एकदाच लागते. तबेल्याचं बिल दर महिन्याला येतं, घोडा धावो की लंगडो.

यर्लिंग पहिल्या शर्यतीत उतरेपर्यंत वर्ष सहज जातं. तोवर ओट, भुसा, लसूणघास, मोतद्दाराचा पगार, ट्रेनरची फी, दर चार-पाच आठवड्यांनी नालबंद. पावसाळ्यात घोडा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून पुण्याला न्यायचा, मोसम संपला की परत आणायचा. दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्याच्या नडग्या जोराच्या गॅलपनं सुजतात, की गेले काही आठवडे. पुढच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) गेला तर नऊ महिने ते वर्ष. घोडा उभा, बिल चालू.

म्हणून पुन्हा सांगतो: आधी 24 महिन्यांचा खर्च बाजूला काढ, उरेल त्यात बोली लाव. कंजूष म्हणतील. मलाही म्हणतात, म्हणोत बापडे. अर्ध्या वाटेत घोडा मिळेल त्या भावात फुंकून टाकणारे जास्त उदार असतात असं काही नाही.

'बक्षिसातून निघेल' हे तुझं वाक्य तर खोडूनच टाक. बक्षिसाचा मोठा आधार टोटवरचं, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत पैजखिडकीवरचं, कमिशन. आणि जीएसटी त्या कमिशनवर नाही, पैजेच्या पूर्ण रकमेवर: आधी 28 टक्के, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. मग खेळणारा बेकायदा बुकीकडे जातो, तिथे कुठला कर? टोट आटला की बक्षिसं आटतात, छोटा मालक घोडा काढतो, शर्यतीत पाचच घोडे उरतात. पाच घोड्यांवर खेळायला गिरगावातून कोण उठून येईल? टोट आणखी आटतो. फेब्रुवारीतली डर्बी गजबजते, ठाऊक आहे. पण तबेले चालतात ते साध्या हँडिकॅपवर, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवर कमी-जास्त वजन ठरवलेल्या नेहमीच्या शर्यतींवर.

तरी घ्यायचाच असेल (घेशीलच, तुझा सूरच सांगतो) तर चौघांचा लेखी करार कर. एकानं दोन महिने पैसे थकवले तर त्याच्या हिश्श्याचं काय, घोडा विकायचा निर्णय कुणाचा, मोठ्या उपचाराचा खर्च कोणत्या आकड्यापर्यंत. मसुदा मला पाठव. 24 महिन्यांचा आकडा त्यात नसेल तर वाचणार नाही.