जंक्शन, जॉइंट, युनियन, मर्जर: ‘जोड’ या अर्थाचे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

आपण विचारले आहे की, इंग्रजी समानार्थी कोशात ‘जंक्शन’ या शब्दापुढे जॉइंट, युनियन, कॉन्फ्लुअन्स, सीम, मर्जर, जंक्चर असे अनेक शब्द एका ओळीत दिलेले असतात. ते एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का? बहुतेक ठिकाणी चालणार नाहीत. मी महापे येथे यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करतो आणि या शब्दांशी माझी रोज गाठ पडते. माझ्या मते शब्द निवडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: जोडलेल्या वस्तू पुन्हा सुट्या करता येतात का, आणि आपल्याला जोडाची जागा सांगायची आहे की जोडण्याची क्रिया.

पहिली कसोटी नळकामात सर्वांत स्पष्ट दिसते. सोसायटीच्या टाकीला पंप बसवताना प्लंबर सरळ पाइपांना सॉकेट किंवा कपलिंग लावतो, पण पंपाच्या अगदी जवळ मात्र आवर्जून ‘युनियन’ मागतो. युनियनचे तीन भाग असतात: दोन्ही पाइपांच्या टोकांवर बसणारे दोन तुकडे आणि त्यांना एकमेकांवर आवळून धरणारा मधला मोठा नट. पंप दुरुस्तीला न्यायचा झाला की तो नट सैल करायचा. पाइप फिरवावे लागत नाहीत, कापावे लागत नाहीत, पंप तेवढा बाहेर निघतो. साध्या आट्यांच्या कपलिंगने हे साधत नाही, कारण तेथे पाइपच फिरवावा लागतो. म्हणजे ज्या शब्दाचा कोशातला अर्थ ‘एक होणे’ असा आहे, तोच शब्द नळकामात सहज सुटणाऱ्या जोडासाठी रूढ झाला आहे. (कारखान्याच्या फाटकावरची युनियनही कधी सुटेल याचा नेम नसतो, पण तो विषय वेगळा.)

धातूच्या कामात शब्द याहून काटेकोर आहेत. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये जोडायच्या तुकड्यांच्या कडाच वितळून एक होतात. ब्रेझिंग आणि सोल्डरिंग, म्हणजे आपल्याकडचे डाख देणे, यांत मूळ तुकडे वितळत नाहीत, फक्त मध्ये भरलेला धातू वितळतो. तो ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारा असेल तर ब्रेझिंग आणि त्याखाली वितळणारा असेल तर सोल्डरिंग म्हणतात. या तिन्हींनी तयार होणाऱ्या जागेला मात्र ‘जॉइंट’ हा एकच शब्द चालतो. ‘सीम’ ही लांबलचक रेघ असते, मग ती सदऱ्याची शिवण असो वा पत्र्याच्या डब्याची. ‘स्प्लाइस’ हा दोर, केबल किंवा ऑप्टिकल फायबर यांची टोके जोडण्याचा शब्द आहे. फायबरच्या बाबतीत काचेच्या दोन तंतूंची टोके विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतात.

पुलावरचा ‘एक्स्पान्शन जॉइंट’ हा या कुटुंबातला विक्षिप्त सदस्य म्हणावा लागेल. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना ठरावीक अंतराने चाकांखाली जो ठोका जाणवतो, तो याच सांध्यांचा असतो. उन्हाने गर्डर लांबतात आणि थंडीत आखडतात, म्हणून दोन भागांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते आणि वाहने त्या फटीवरून जावीत यासाठी वर धातूची किंवा रबराची रचना बसवतात. नाव सांध्याचे असले तरी त्याचे काम दोन भागांना एकमेकांपासून मोकळे ठेवण्याचे आहे, म्हणून तेथे ‘जंक्शन’ किंवा ‘युनियन’ लिहिले तर अर्थच उलटा होतो.

रस्ते, रेल्वे आणि नद्या यांच्या बाबतीत प्रवाहाची दिशा पाहावी लागते. मुंबईहून निघालेल्या गाडीसाठी कल्याण येथे मार्ग एकत्र येत नाहीत, तर कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे असे फुटतात. तरीही ते जंक्शनच, कारण या शब्दाला येण्या-जाण्याची दिशा नसते. दिव्याला वसई आणि पनवेलचे फाटे निघतात, तेथेही तोच न्याय. ‘कॉन्फ्लुअन्स’ला मात्र दिशा आहे: दोन प्रवाह येऊन एक व्हावा लागतो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना मिळतात तेथे हा शब्द बरोबर बसतो. ठाण्याच्या उत्तरेला उल्हास नदीचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वसईच्या खाडीत जातो आणि एक अरुंद फाटा दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीत येतो. त्या जागेला कॉन्फ्लुअन्स म्हणणे चूक, तेथे ‘बायफर्केशन’ हवा. रस्त्यांसाठी ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत जंक्शन आणि अमेरिकी वळणाच्या इंग्रजीत इंटरसेक्शन म्हणतात, आणि आपल्याकडे दोन्ही समजतात. पण उड्डाणपूल आणि उतार यांच्या साहाय्याने वाहने एकमेकांना न अडवता रस्ता बदलतात, अशा रचनेला ‘इंटरचेंज’च म्हणावे.

कंपन्या आणि बँका यांच्यासाठी ‘मर्जर’ आणि ‘अमाल्गमेशन’ हे क्रियेचे शब्द आहेत, जागेचे नव्हेत. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, त्याला हे दोन्ही शब्द लागू पडतात, जंक्शन मात्र विनोदानेच लागू पडेल.

राहिला ‘जंक्चर’. तो काळाचा शब्द आहे: निर्णायक वळणाची वेळ. कार्यालयीन इंग्रजीत ‘अॅट धिस जंक्चर’ इतक्या वेळा येतो की, त्याचा अर्थ जंक्शनसारखाच आहे असे वाटून काही जण तो रस्त्यांनाही लावतात. जुन्या पुस्तकांत तो दोन वस्तूंच्या सांध्यासाठी सापडेल, पण आजच्या लेखनात नाक्याला जंक्शनच लिहावे.