वीस कुपनं, एकच अक्षर

डिसेंबर जवळ आला, शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची, आनंदमेळ्याची धांदल सुरू झाली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मला शाळेच्या कामाला जाता येत नाही. बाई माझ्या मुलावर राग धरतील का?" विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. बाबांना हा प्रश्न का पडत नाही, हा एक वेगळाच विषय आहे.

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन आलेली एक आई मला विसरता येत नाही. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) ती सरकारी रुग्णालयात परिचारिका. लेक चौथीत, अनुदानित मराठी शाळेत. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर "सजावटीला कोण कोण येणार?" असा निरोप पडला की ही रात्रपाळीहून आलेली बाई आधी 'हो' लिहायची, मग पाळी बदलून घेण्यासाठी मैत्रिणींच्या विनवण्या करायची. तेही जमलं नाही तर पैसे द्यायची. रंगांचे, खाऊचे, मंडपाचे. कुणी मागितलेले नसताना.

"'मला जमणार नाही' एवढंच लिहिलंत तर काय होईल?" मी विचारलं.

"बाई तिला नाचात मागच्या रांगेत टाकतील."

"टाकलं, तर?"

"तिला वाईट वाटेल."

"आणि तुम्हाला?"

त्या दिवशी तिनं उत्तर दिलं नाही. मीही घाई केली नाही.

तीनेक भेटींनंतर तिनं पर्समधून एक पातळ पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. शाळेच्या ग्रंथालयासाठी देणगी कुपनं. वीस रुपयांचं एक, अशी वीस. मुलांनी ओळखीच्या घरी जायचं, कुपन द्यायचं आणि अर्ध्या भागावर घेणाऱ्याचं नाव स्वतः लिहायचं. इथं वीसही नावं एकाच अक्षरात होती. रुग्णालयातल्या नोंदवहीत लिहितात तसं बारीक, उजवीकडे कललेलं. शेजारच्या काकू, भाऊ, इस्त्रीवाले, दूधवाले. चारशे रुपये तिनंच भरले होते.

"काल लेकीनं विचारलं, नावं मी लिहायची होती ना? आणि दूधवाले काका तर गावी गेलेत." एवढं बोलून ती रडायला लागली.

"दारोदार का नाही गेलात?"

"कुणी नाही म्हणालं असतं तर? तेही लेकीसमोर?"

इथं मला धागा सापडला. इतके दिवस आम्ही शाळेबद्दल बोलत होतो. दुखणं होतं नकाराचं. मी विचारलं, "वॉर्डात तुम्ही कुणाला 'नाही' म्हणत नाही?"

ती थांबली. डोळे पुसत म्हणाली, "दिवसातून दहा वेळा म्हणते. आत्ता भेटता येणार नाही, बाहेर थांबा. चिडतात लोक. मग बाकावर जाऊन बसतात." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणावं तसं पुन्हा म्हणाली, "बाकावर जाऊन बसतात."

त्या वाक्यासाठी मी पाच आठवडे थांबले होते. तिला कुणी 'नाही' म्हटलं की झिडकारल्यासारखं वाटायचं. म्हणून आपण 'नाही' म्हटलं की शाळेलाही तसंच वाटणार, आणि त्याची किंमत लेक मोजणार, असं ती धरून चालली होती. मी ज्या विचारांची आहे त्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचे, म्हणजे त्रास देणाऱ्या समजुती तपासून बदलण्याच्या पद्धतीचे, जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत शंभर अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलणं काढलं. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. पण भीती गेली. नकार पचवायची सवय प्रत्यक्ष नकार घेऊनच लागते, हे माझ्या कामात मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

म्हणून तिला गृहपाठ दिला: शाळेतून आणखी पाच कुपनं घ्यायची आणि लेकीला घेऊन जिना चढायचा. पहिल्या दारी नाही. दुसऱ्या दारी "नंतर या." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन घेतली. लेकीनं आजोबांचं नाव जिन्यातच, पायरीवर वही टेकवून लिहिलं.

पालकांना माझं सांगणं असं: 'हो' लिहिण्याआधी एक रात्र जाऊ द्या. जमणार नसेल तर कारणांची रांग लावू नका. जे जमेल ते नेमकं सांगा. या आईनं लिहिलं होतं, "या महिन्यात रात्रपाळी आहे, सजावटीला जमणार नाही. रविवारी दोन तास ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरं घालायला येईन." वेळेची भरपाई पैशानं करू नका, मूल तेच शिकतं. आणि ऐच्छिक देणगी ऐच्छिकच असते. प्रवेशासाठी देणगी घ्यायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. पैशांबद्दल शंका असेल तर गटावर कुजबुजण्यापेक्षा तिथं विचारा. खरोखरच मुलाला वेगळी वागणूक मिळत असेल तर तारीख-वार लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना भेटा. पण आधी तसं घडतंय का, ते बघा.

जानेवारीत तिचा फोन आला. नाचात लेक मागच्याच रांगेत होती.

"बाईंना विचारलं मी," ती म्हणाली. "वर्गात सगळ्यात उंच आहे ना ती."