हिंदमाताचं पाणी आणि मुलाची वही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, गणितात चांगला. त्याच्या बाबांचा जोर कॉम्प्युटरवर, आणि हा म्हणतो, ‘मला शहरात पाणी का तुंबतं यावर काम करायचंय.’ तुम्ही विचारलंय, नालेसफाईत कसलं आलंय करिअर? पण त्याच पत्रात जाता जाता तुम्ही लिहिलंय, की मुंबईत दादरजवळच्या हिंदमाताला पाणी भरलं की तो चाळीच्या जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजतो आणि शेजारी भरतीची वेळ टिपून ठेवतो. गेली दोन वर्षं! मला तर तिथेच उत्तर मिळालं.

भरतीची वेळ लिहावी हे त्याला सुचलं, यातच सगळं आलं. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तोही समुद्राला ओहोटी आहे असं धरून. ही क्षमता ५० मिलिमीटर करा, असं मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ सालीच सांगितलं होतं. २६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेलच; सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मोठी भरती असली की कित्येक पातमुखांतून, म्हणजे नाले समुद्राला मिळतात त्या तोंडांतून, पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. म्हणून हाजी अली, लव्ह ग्रोव्हसारखी पंपिंग स्टेशनं बांधली. हिंदमाता तर बशीसारखा खोलगट भाग, म्हणून तिथलं पाणी ओहोटीपर्यंत धरून ठेवायला जमिनीखाली टाक्या केल्या. टाकी किती मोठी, पंप किती ताकदीचा, हे कुणीतरी कागदावर बसवलेलं असतं. तुमच्या मुलाला ते काम करायचंय. गाळ उपसणं त्याच्या खूप नंतर येतं.

त्याच्याही आधी येते ती जमीन. १,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झालं ५० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. मातीचं मैदान असेल तर त्यातलं बरंच मुरतं, उरलेलं सावकाश वाहतं. तिथेच पोडियम, पार्किंग, पेव्हरब्लॉक आले की जवळजवळ पाचही टँकर एकदम रस्त्यावर. कुठे मैदान राहील, कुठे टॉवर येईल, हे ठरतं विकास आराखड्यात. मुंबईचा सध्याचा २०३४ पर्यंतचा आहे. नुसत्या पाइपांचा अभ्यास म्हणूनच पुरा पडत नाही.

आता वाट. बारावीनंतर थेट प्लॅनिंगची पदवी करता येते, जेईई मेनचा वेगळा पेपर असतो. पण मला विचाराल तर आधी सिव्हिल इंजिनिअरिंग, एमएचटी-सीईटीतून. व्हीजेटीआय माटुंग्यालाच आहे, घरून डबा नेता येईल. मग एम. प्लॅन. (प्लॅनिंगमधली पदव्युत्तर पदवी) किंवा जलसंपदा विषयात एम. टेक.; प्लॅनिंगसाठी अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं एसपीए पाहा. सिव्हिल का? मन बदललं तरी हातात पदवी राहते. पालिकेच्या अभियंता भरतीला ती लागते आणि एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकार पदालाही चालत आली आहे.

बाबांना सांगा, कॉम्प्युटर कुठे सुटत नाही. पूर कुठवर येईल हे आज जीआयएस (संगणकावरचे माहितीचे नकाशे) आणि संगणकी मॉडेलवरच पाहतात. पावसाचं पाणी शहरात कसं वाहील हे दाखवणारं एसडब्ल्यूएमएम नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत उघडून बघू दे. पगाराचं मात्र गोड बोलणार नाही. सुरुवातीला आयटीतल्या मित्रांपेक्षा कमीच असेल, आणि सरकारी जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. तोवर खासगी सल्लागार कंपन्यांत काम करावं लागतं. घर त्याच्या पहिल्या पगारावर अवलंबून असेल तर ही गोष्ट आत्ताच तिघांनी बसून बोला.

एक काम या पावसाळ्यात त्याला द्या. वहीत पावसाचा रकाना वाढवायचा. पालिकेच्या पर्जन्यमापकांचे आकडे आपत्कालीन विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. जवळच्या केंद्राचा आकडा तासातासाने उतरवायचा. पुढे इंटर्नशिप मागायला जाईल तेव्हा मार्कशीटच्या आधी ही वही टेबलावर ठेवू दे.

आणि पायऱ्या जिन्यात उभं राहूनच मोजायला सांगा. रस्त्यावरच्या पाण्यात उतरायचं नाही. खाली मॅनहोल उघडं असलं तर कळत नाही.