मिस्टर ब्लीनीच्या खोलीत नक्की काय झालं?

प्रश्न : ताई, मी पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, जॉब करून बाहेरून एम.ए. इंग्रजी करतोय. इंग्रज कवी फिलिप लार्किनची ‘मिस्टर ब्लीनी’ सिलॅबसला आहे. एक माणूस भाड्याची खोली बघतो, घेतो आणि तिथे पडून राहतो, बाकी काहीच घडत नाही. गाईडमध्ये लिहिलंय की ब्लीनी हा आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचं प्रतीक आहे. ते पाठ केलं, पण शेवटची दोन कडवी चार वेळा भाषांतर करूनही लागत नाहीत. ‘जर तो उभा राहिला, जर त्याने ढग पाहिले’ असं करत जातो आणि पुढे ‘तर’ येतच नाही, एकदम ‘मला माहीत नाही’ येतं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला, कारण तुम्ही बरोब्बर जिथे अडायला हवं तिथेच अडलात, आणि गाईडवाला तिथे अडलाच नाही म्हणून त्याचं उत्तर चुकलंय असं मला वाटतं.

तुमची चूक एका शब्दाची आहे. तिथला ‘इफ’ म्हणजे ‘जर’ नाही, ‘का’. तो येईल का माहीत नाही, यातला ‘का’. आता परत लावून बघा : पण तो (म्हणजे या खोलीतला आधीचा भाडेकरू ब्लीनी) खिडकीशी उभा राहून गार वाऱ्याने विस्कटलेले ढग बघायचा का, त्या कुबट गादीवर पडून हेच आपलं घर असं स्वतःला सांगायचा का, हसायचा का, शहारायचा का, आणि माणूस जसा राहतो तीच त्याची लायकी, या वयात दाखवायला भाड्याच्या एका खोक्यापलीकडे काही नाही म्हणजे आपली लायकी याहून जास्त नव्हतीच, ही भीती त्याला सोडत नव्हती का, मला माहीत नाही. झालं, लागलं! ही दोन कडवी म्हणजे आठ ओळींचं एकच वाक्य आहे आणि मुख्य क्रियापद पार शेवटी. इंग्रजी वाचणाऱ्याला हा उशीर जाणवतो, त्याचा श्वास अडकतो. आपल्याला क्रियापद शेवटी यायची सवयच आहे त्यामुळे मराठीत ते अगदी साधं होऊन जातं, म्हणून मूळ इंग्रजी एकदा मोठ्याने वाचाच.

आता मागे जाऊ. पहिल्या ओळीपासून घरमालकीण बोलतेय, ही मिस्टर ब्लीनीची खोली, तो ‘बॉडीज’मध्ये होता तेवढे दिवस इथेच होता, मग त्याला हलवलं. बॉडीज म्हणजे मोटारींच्या बॉड्या बनवायचा कारखाना, आपल्याकडे ट्रकची बॉडी बांधतात म्हणतो ना तीच बॉडी. (लार्किन 1922 साली कॉव्हेंट्रीत जन्मला, ते मोटारींच्या कारखान्यांचं शहर.) पण बॉडी म्हणजे प्रेतही, आणि ‘हलवलं’ म्हणजे बदली झाली की चार जणांनी उचलून नेलं हे ती सांगत नाही. शेवटचं भाड्याचं खोकं आठवा, ते खोली आहे तसं शवपेटीसारखंही ऐकू येतं. म्हणजे ब्लीनी जिवंत आहे की नाही हेसुद्धा आपल्याला नक्की कळत नाही.

मग खोलीतल्या वस्तू. विरलेले फुलाफुलांचे पडदे, खिडकीच्या कट्ट्यापासून 5 इंच वरच संपणारे. पलंग, सरळ पाठीची खुर्ची, 60 वॅटचा बल्ब, दारामागे खुंटी नाही, पुस्तकांना जागा नाही. इतकं सगळं ‘नाही’ मोजून झाल्यावर खोली बघायला आलेला माणूस लगेच म्हणतो, घेतो ही खोली. का घेतो ते सांगत नाही. तुम्ही कॉट बेसिसवर राहता, तुम्हाला ते मी सांगायची गरज नाही.

आणि आता माझा मुद्दा, जो गाईडमध्ये नाही. ब्लीनीबद्दल आपल्याला काय काय कळतं ते बघा. त्याने मालकिणीची बाग नीट राखली. तिला रेडिओ घ्यायला त्यानेच भरीस घातलं. तो ‘फोर अवेज’ लावायचा, म्हणजे फुटबॉलच्या ज्या मॅचमध्ये पाहुणी टीम जिंकेल अशा चार मॅच पैजेच्या कूपनवर निवडायच्या, आणि दर आठवड्याला न लागता परत लावायचा. उन्हाळ्यात फ्रिंटनला समुद्राकाठी ओळखीच्यांकडे, ख्रिसमसला स्टोकला बहिणीकडे. हा माणूस एकटा आहे? त्याला बाग आहे, बहीण आहे, दर आठवड्याची आशा आहे, मालकीण अजून त्याचं नाव काढते. कविता बोलणाऱ्या नव्या भाडेकरूकडे यातलं काय आहे? तो कानात कापसाचे बोळे घालून पडलाय, म्हणजे जो रेडिओ ब्लीनीची सोबत होता तो याला नकोसा होतो, आणि ब्लीनीच्याच बशीत सिगरेटी विझवतो. ते ढग, ते शहारणं, ती लायकीची भीती, हे त्याला कुणी सांगितलं? मालकिणीने तर नक्कीच नाही. ते त्याचं स्वतःचं आहे. स्वतःला विचारायची हिंमत होत नाही म्हणून तो ब्लीनीच्या नावाने विचारतो.

दोनदा येणारा ‘नो’ (know, म्हणजे माहीत असणं) पण बघा. आधी म्हणतो त्याच्या सवयी मला माहीत आहेत, जेवताना ग्रेव्हीपेक्षा बाटलीतला सॉस त्याला आवडायचा इतकं माहीत आहे, आणि शेवट ‘माहीत नाही’वर. म्हणून ब्लीनी हा एकाकीपणाचं प्रतीक असं लिहिलं की जे कवी माहीत नाही म्हणतो ते आपण माहीत असल्यासारखं लिहितो. परीक्षेत हेच लिहा, पडदा, बशी, कापूस अशी कवितेतली उदाहरणं देऊन. जो परीक्षक कविता वाचतो त्याला ते पटेल.

लार्किनने ही कविता 1955 मध्ये लिहिली, तेव्हा तो हल शहरात युनिव्हर्सिटीचा ग्रंथपाल म्हणून नुकताच आला होता आणि भाड्याच्या खोलीत राहत होता, ‘द व्हिटसन वेडिंग्ज’ या संग्रहात ती 1964 मध्ये आली. हे माहीत असावं, पण बोलणारा म्हणजे लार्किनच असं धरून चालू नका, कवितेत त्याला नाव नाही आणि ते बरंच आहे, तिथे तुम्हीसुद्धा झोपू शकता.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. इंग्रज कवयित्री स्टीव्ही स्मिथची ‘नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग’ मुलांना वाचून दाखवली तर पहिला प्रश्न, मेलेला माणूस बोलतो कसा, भूत आहे का? काय सांगू?

उत्तर : सांगा की कविता स्वतः त्याचं उत्तर देत नाही आणि मुलांचा प्रश्न अगदी योग्य आहे. मग त्यांनाच विचारा, पहिल्याच ओळीत म्हटलंय त्याचं कुणी ऐकलं नाही, मग आपण कसं ऐकतोय? माझ्या मते सगळी कविता या एका अडचणीवर उभी आहे. काठावरच्या लोकांना वाटलं तो हात हलवून टाटा करतोय, तो बुडत होता, आणि जे त्यांना ऐकू आलं नाही ते ऐकायचं काम आता वाचणाऱ्यावर येतं.

कविता 1957 ची, फक्त 12 ओळी. स्टीव्ही स्मिथचा जन्म 1902 चा आणि योगायोग म्हणजे हलचाच, पण ती तीन वर्षांची असताना लंडनच्या पामर्स ग्रीनला आली आणि बहुतेक सगळं आयुष्य तिथे मावशीबरोबर राहिली, एका मासिकांच्या प्रकाशनसंस्थेत सेक्रेटरी होती. रोज ऑफिस, रोज घर. तिच्या कवितांवरून वाटतं ही गंमत करतेय, भाषा इतकी बोलण्यातली, आणि इथे लोक त्या माणसाबद्दल नेमकं हेच म्हणतात, बिचारा, नेहमी मस्करीच करायचा, पाणी फार गार असेल, हार्ट बंद पडलं असेल.

शिकवताना दोन जागा सोडू नका. दुसऱ्या कडव्यात कोण बोलतंय हे शेवटच्या दोन शब्दांत कळतं, ‘असं ते म्हणाले’, तोवर वाटतं कवयित्रीच बोलतेय. आणि तिसऱ्या कडव्यात तो म्हणतो नाही, नाही, नाही, गारठा कायमचाच होता, मी जन्मभर फार लांब गेलेलो होतो. पहिल्या कडव्यात ‘लांब’ म्हणजे समुद्रात लांब, इथे तोच शब्द आयुष्याबद्दल होतो, आणि मग ‘हात हलवत नव्हतो, बुडत होतो’ ही पहिल्या कडव्याचीच शेवटची ओळ परत येते पण आता तिचा अर्थ तो राहिलेला नसतो. मुलांना हे समजावून सांगू नका, एकाला मेलेल्या माणसाच्या ओळी द्या, चार-पाच जणांना काठावरच्या लोकांच्या, आणि निवेदन कुणाला द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. तिसऱ्या कडव्यातली कंसातली ओळ कुणी वाचायची यावर नक्की वाद होईल, तो तास तिथेच घालवा.