दुसऱ्याचा कोड आपल्या सॉफ्टवेअरात आला तर?

प्रश्न : आम्ही तिघे मराठी शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर एमआयटी परवान्याखाली (कोणालाही वापरू, बदलू आणि वाटू देणारा परवाना) फुकट देतो. आणखी चौदा जणांनी त्यात कोड घातला आहे. त्यातल्या एकाने आपल्या कंपनीतला कोड उचलून दिला असावा, अशी शंका आहे. परवान्यात ‘जसे आहे तसे, कोणतीही हमी नाही’ असे आहेच. तेवढ्यावर आम्ही सुटतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ते वाक्य तुमच्यात आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्यात चालते. कंपनीने तुमचा परवाना कधी घेतलाच नाही, तर तिला तो लागू कसा होणार? मालकाला न विचारता प्रती काढून लोकांना देणे हे १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे उल्लंघन आहे, पैसे घ्या की घेऊ नका. शिवाय आता शंका आलीच आहे. यापुढेही वाटप चालू ठेवलेत, तर ‘माहीत नव्हते’ म्हणायला तोंड राहत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

आधी डाउनलोड बंद करा. मग गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी ‘गिट ब्लेम’ आज्ञा लावून त्या माणसाच्या ओळी शोधा. नुसती फाइल उडवून नवा कमिट (बदलाची नोंद) टाकला, तर जुना कोड इतिहासात तसाच राहतो आणि क्लोन करणाऱ्या, म्हणजे इतिहासासकट प्रत उतरवणाऱ्या, प्रत्येकाला मिळत राहतो. म्हणून ‘गिट फिल्टर-रेपो’ या साधनाने इतिहास धुवावा लागतो, जुने टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) आणि रिलीजच्या झिप फाइलीही काढाव्या लागतात. त्याआधी मूळ रिपॉझिटरीची (इतिहासासकट कोडच्या साठ्याची) एक प्रत पुराव्यासाठी खासगीत ठेवा. सगळ्यांना नव्याने क्लोन करायला लावा, नाहीतर कोणाच्या तरी एका पुशने (जुन्या प्रतीतले बदल परत चढवल्याने) घाण परत येते. तो भाग पुन्हा लिहायचा, तर कंपनीचा कोड न पाहिलेल्या माणसाने.

कोड देणाऱ्याचे ‘रविवारी घरी बसून लिहिला’ हे उत्तर पुरत नाही. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७प्रमाणे कंपनीच. त्याला नेमणूकपत्र वाचायला सांगा.

यापुढे प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ मागा. ‘गिट कमिट’ आज्ञेला ‘-s’ (लहान लिपीतला एस) जोडले की ती येते. ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ एवढाच तिचा अर्थ. आपला कोड लिनक्समध्ये घातला म्हणत एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने २००३मध्ये आयबीएमवर दावा लावल्यावर, २००४मध्ये लिनक्स कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) ही पद्धत आणली. कोणी खोटी सही केली, तर तिच्यामुळे कंपनीचा दावा टळत नाही, पण तुम्ही विचारले होते याची नोंद राहते.

कोड देणाऱ्यांशी हक्कांचा स्वतंत्र करारनामा करणार असाल, तर मुदत आणि प्रदेश लिहाच. कलम १९प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असे धरतात. कलम ३०अमुळे परवान्यालाही तेच. परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या मसुद्यात नेमके हेच राहून जाते.